मधल्या सीटचा पट्टा

जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हाच तिने ठरवलं होतं, हिला वठणीवर आणायचंच. इंजेक्टर बदलले, टर्बोची शिट्टी बंद केली, काळा धूरही गेला. उरली फक्त टिंगटिंग. मागच्या मधल्या सीटवर कुणी नसतानाही गाडी 'पट्टा लावा' म्हणून कोकलायची.

"सेन्सर गेलाय, ताई," मिस्त्री म्हणाला. त्याने सेन्सर बदलला, मग वायरच कापून टाकली. टिंगटिंग चालूच.

"आज सोक्षमोक्ष लावते!" तिने मिस्त्रीला शेजारी बसवलं, मागे रिकाम्या सीटवर पट्टा अडकवला आणि गाडी काढली. आवाज थांबला.

"लाडावलीय नुसती," मिस्त्री हसला.

वळणावर कुत्रं आडवं आलं. तिने करकचून ब्रेक दाबला. आरशात तिला दिसलं, मधल्या सीटवरचा पट्टा पुढे फुगला, ताणला गेला आणि हळूच मागे टेकला.

मिस्त्रीनेही पाहिलं होतं. "ताई, उतरू या."

"गाडी माझी आहे," ती म्हणाली आणि तिने पहिला गिअर टाकला.

मागे खट्‌ करून पट्टा सुटला.

ती टिंगटिंगची वाट बघत राहिली. टिंगटिंग झालीच नाही. मधल्या सीटवर आता कुणी नव्हतं.