सावकाश

शाळेच्या हॉलमधल्या नामकरणाला नगरसेवक देशमाने वडिलांच्या नावाची पाटी रंगवूनच आले होते. पण आता महापालिकेच्या शाळांची नावं माजी विद्यार्थ्यांच्या डोक्यातून यायची. कपाळाला पट्टी लावली, की शाळेतला जो शब्द जन्मभर पुरला, तो यंत्र उचलायचं.

"शाळा क्रमांक नऊ," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाव आलंय, सावकाश."

"हे काय नाव झालं? यंत्र बिघडलंय," देशमाने भडकले.

मागे बसलेल्या फुलाबाईंनी मान वर केली. शाळेचा जिना झाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. धडाधडा उतरणाऱ्या पोरांना त्या हाच शब्द ओरडून सांगायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा एकही पोर भेटायला थांबलं नव्हतं. तेव्हापासून ते आत सलत होतं.

माजी विद्यार्थ्यांतला एक ट्रकवाला उठला. "मावशी, घाट उतरताना रोज तुमचाच आवाज ऐकू येतो. म्हणून घरी पोचतो." त्याच्यामागे हॉलभर माना हलल्या. देशमान्यांनी पाटी उलटी धरली.

मुख्याध्यापिकांनी ध्वनिक्षेपकावरून नवं नाव वर्गावर्गात सांगितलं आणि घंटा झाली. पोरं हॉलबाहेरच्या जिन्यावरून सुटली.

"सावकाश रे," फुलाबाई सवयीनं ओरडल्या.

एक पोरगी वळली. "आजी, शाळेचं नाव कशाला ओरडताय?"

"माझंच आहे गं ते," फुलाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला खाली बसल्या.