रिकामी ओळ

“बाई, ‘मृत्यू’पुढं कुणाचं तरी नाव लिहा. ती ओळ रिकामी ठेवत नाहीत,” शिपाई सोनूमामा म्हणाले.

नव्या बाईंनी व्हरांड्यातल्या फळ्यावर आजचा दिनविशेष लिहून संपवला होता. घटना दोन, जन्म चार. येताजाता मुलांच्या हातानं पुसलं जाऊ नये म्हणून इथं खडू पाण्यात बुडवून लिहायची पद्धत होती.

“सकाळी सकाळी लेकरांना मेलेली माणसं कशाला वाचायला लावायची?”

“आधीच्या गुरुजींनी एकदाच ठेवली होती रिकामी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्यांचं नाव लिहिलं मी.”

“काहीतरीच तुमचं!” बाई हसल्या आणि हजेरीपट आणायला गेल्या.

त्या परतल्या तेव्हा पहिलीतली कस्तुरी नवा फ्रॉक घालून फळ्यापाशी उभी होती. बोटं खडूनं पांढरी झालेली. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं दिनविशेषात स्वतःचं नाव लिहायचं, ही रीत बाईंनीच गेल्या आठवड्यात सुरू केली होती.

“बाई, एवढीच जागा रिकामी होती,” ती म्हणाली.

बाईंनी डस्टर घासघास घासलं. अक्षर हललं नाही. शेवटी सोनूमामांनी ओलं फडकं आणून ती ओळ पुसली. फळा काळाभोर झाला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कस्तुरीला जवळ घेतलं.

मग फळा वाऱ्यानं सुकू लागला. ‘मृत्यू’पुढं तिचं नाव हळूहळू पुन्हा उमटलं.