पडद्यामागची छत्री

मोबाइलवरच्या खेळांबद्दल मावशीची मतं ठाम होती. धावपळ करत गिऱ्हाइकांना वाढायचे खेळ तिने केव्हाच काढून टाकले. "जन्मभर तेच केलं, तेही बिनपगारी." लपलेल्या वस्तू शोधायचा खेळ मात्र लाडका. त्यातल्या एका खोलीत कायम संध्याकाळचं ऊन रेंगाळायचं आणि मांजर झोपलेली असायची.

मावशी राहतं घर सोडणार म्हणून सामान बांधायला आलेली भाची मोबाइलमध्ये डोकावली. "मावशी, छत्रीच राहिलीये की. ती काय, पडद्यामागे."

"महिनाभर दिसतेय गं. ती सापडली की खोली बंद होते."

तोवर मदतीच्या भरात भाचीने बोट टेकवलं होतं. चांदण्या उधळल्या, ऊन मावळलं, दार लागलं.

"परत जाता येतं ना तिथे?" भाची ओशाळली.

मावशीने बांधलेल्या खोक्यांवरून नजर फिरवली.

"येतं की. पाहुण्यासारखं."