सुतळीचं टोक

त्र्याण्णव साली विश्वासरावांच्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेतून पाणी गळू लागलं, म्हणून ते बायकोला, मथुरेला घेऊन चामराजपेटात त्रिविक्रम मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी काच काढली, तिला नवं रबर चढवलं, रबराच्या खाचेत सुतळी घातली आणि काच परत जागेवर टेकवली. मग त्यांची बायको कृष्णाबाई गाडीत बसून, रबराची कड चौकटीवर चढावी म्हणून, सुतळी ओढू लागली आणि मिस्त्री बाहेरून तळव्याने काच दाबू लागले. सुतळी जिथे सरके, तिथे त्यांचा तळवा आधीच पोचलेला असे.

"कृष्णे, स्वल्प हळू."

"मी हळूच ओढतेय. तुमचाच हात मागे पडतोय. म्हातारे झालात."

"मध्ये काच आहे म्हणून एवढं बोलतेस."

काचेच्या दोन्ही बाजूंनी दोघं हसली. मथुरा बघत राहिली आणि मनातून जळत राहिली. विश्वासराव बाकावर पेपर वाचत होते. राजाजीनगरला घरी पोचेपर्यंत ते एवढंच बोलले, "काम बरं केलं."

रविवारी सकाळी काचेचं रबर एका कोपऱ्यात उचकटलेलं दिसलं.

"नवं काम आणि लगेच निघालं? थांब, जाऊन विचारतोच त्या मिस्त्रीला," विश्वासराव चिडून म्हणाले.



मागच्या सीटवर बसलेल्या मथुरेनं हातातलं उलथणं हळूच पायाखाली सरकवलं आणि रबराच्या खाचेत घालून ठेवलेल्या सुतळीचं टोक धरलं. "चामराजपेटला कशाला? मी आतून ओढते, तुम्ही बाहेरून दाबा."