तोंडात टोपी

"आज एक शब्द जरी ओरडलास ना, तर मी उतरले म्हणून समज. पुन्हा या बोटीवर पाय ठेवणार नाही."

एवढं बोलून युलाली पुढच्या टोकाला, नांगरापाशी जाऊन उभी राहिली. सुकाणू धरलेल्या ऑस्बर्टने मान डोलावली. बायको चेष्टा करत नाही, हे कळायला एकतीस वर्षांचा संसार पुरेसा होता.

कॅरिबियन समुद्रातल्या विंडवर्ड गावाच्या किनाऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. ऑस्बर्ट नांगर टाकायला आला की गावाला फुकटचा तमाशा. "सोड! सोड म्हणतो ना! झोपलीस का?" बाजारात पोरंटोरंसुद्धा युलालीला त्याची नक्कल करून दाखवायची.

आज बोटीवर ओरडत होत्या त्या फक्त ग्रेनाडाहून आणलेल्या सहा बकऱ्या.

युलालीने डावा हात आडवा केला. ऑस्बर्टने बोट डावीकडे वळवली. तिने तळहात खाली दाबला, त्याने वेग कमी केला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि बोट थेट कॉस्मो सुताराच्या नव्याकोऱ्या होडीकडे सरकू लागली. शब्द ऑस्बर्टच्या अगदी ओठांवर आला. त्याने डोक्यावरची टोपी ओढली आणि दातांत कोंबली.

युलालीने हाताने मागे, मागे अशी खूण केली. बोट मागे आली, तशी तिने साखळी सोडली. खडखडाट, एक हिसका, आणि बोट जागच्या जागी. युलालीची मूठ वर गेली. नांगर रुतला!

ऑस्बर्टने इंजिन बंद केलं.

"अगं युलाली," कॉस्मो काठावरून ओरडला, "नवरा बरा आहे ना तुझा?"

हिरमुसलेल्या मंडळींनी पुन्हा सोंगट्या उचलल्या.

ऑस्बर्टने तोंडातली टोपी काढली. उभ्या जन्मात त्याचा नांगर इतका नेमका पडला नव्हता. "हे हातवारे कधी शिकलीस गं?"

"एकतीस वर्षं करतेय. तू आपला ओरडण्यात दंग. बघितलंस कधी?"

ऑस्बर्ट ओशाळला. पण आनंद काही त्याच्या पोटात मावेना. त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि तर्जनी वर करून गोल गोल फिरवली: उचल, पुन्हा एकदा टाकू.

"आत्ताच तर टाकला! आता काय झालं?"

त्याने टोपी पुन्हा दातांत धरली आणि तर्जनी आणखी जोरात फिरवली.

युलालीला इतकं हसू फुटलं की साखळी ओढायला हातात जोरच उरेना. किनाऱ्यावर सगळ्यांनी सोंगट्या पुन्हा खाली ठेवल्या.