नऊ जणांची मनं

सगुणाबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी शाळेत मनं वाचणारं यंत्र बसलं. सगुणाबाई तिथे खिचडी शिजवायच्या. बालसंसदेची निवडणूक आली, तसा यंत्रानं मुलांचे चेहरे बघून निकालच सांगून टाकला. पाणीमंत्री मल्हार, चाळीस मतं, केतकीला वीस.

"मग मतदान कशाला?" गुरुजी म्हणाले.

केतकी रडवेली झाली. "पण मी अजून बोललेच नाही, गुरुजी!"

सगुणाबाई पळी घेऊनच पुढे आल्या. "तांदूळ बघून खिचडीची चव सांगतंय होय हे? बोलू द्या की पोरीला."

गुरुजी हसून बाजूला झाले. मुलींच्या संडासात पाणी नसतं, म्हणून आम्ही दिवसभर तहान मारून बसतो, असं केतकीनं सांगितलं. मग एकेकानं आडोशाला ठेवलेल्या मडक्यांत चिंचोके टाकले. मल्हार एकतीस, केतकी एकोणतीस.

"हरलीस की गं!" मल्हारनं चिडवलं.

"नऊ जणांची मनं फिरवली मी. आता मंत्री झालायस, तर नळ आण."

मल्हारनं गुरुजींच्या मागे लागून दिवाळीआधी नळ आणला. यंत्रावर गुरुजींनी फडकं टाकलं. सगुणाबाई पुढल्या वर्षी माघात वारल्या.