किनाऱ्याकिनाऱ्याने

केतकीने जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला. सँ मालोहून निघायचं आणि चार दिवस शिडाच्या बोटीतून फ्रान्सचा किनारा हिंडायचा, असा बेत होता. बोट तीच चालवणार होती. कऱ्हाडची आपली पोर भरती-ओहोटीच्या वेळा बघून मार्ग आखतेय, याचं वामनरावांना फार कौतुक वाटत होतं.

फ्रेंच जावयाने खाडीवरून सरळ रेघ ओढली. केतकीने ती खोडली. "नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि दुपारी बंदरात थांबायचं."

हा वळसा आपल्यासाठीच, असं वामनरावांना वाटलं. कुमुद गेल्यापासून सगळे त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होते.

"तुम्ही दोघंच जा गं. माझं लोढणं कशाला? मी थांबतो घरी."

"तुमच्यासाठी नाही हो बाबा," केतकी हसली. "मलाच बोट लागते. फार वेळ झाला की उलट्या."

"आणि तरी चालवतेस?"

"मग? आई काय करायची?"

वामनरावांना आठवलं. कुंभार्ली घाटात कुमुदला वळणावळणाला मळमळायचं, तरी कोकणात जायचं म्हटलं की पिशवी तिचीच आधी भरलेली असायची. तिच्या पाठीवरून हात फिरवायचं काम त्यांचं, आणि आदल्या दिवशी आलेपाक करायचंही त्यांचंच.

बाह्या सरसावत ते उठले.

"किसणी कुठे ठेवतेस? आणि आलं भरपूर आणायला सांग त्याला. तिघांना पुरलं पाहिजे."